हिरव्या काठाचा पुरावा

लग्नाची पत्रिका ताम्रपटासारखी होती. म्हणजे तांब्याच्या रंगाचा जाड पुठ्ठा, वर एक भोक, भोकात कडी आणि कडीला लोंबणारी प्लास्टिकची राजमुद्रा. मधोमध सिंहासनावर बसलेल्या राणीचं चित्र. खरा ताम्रपट हा जमीन दान दिल्याचा दस्तऐवज असतो. त्याच्या शेवटी हे दान मोडणारा नरकात जाईल अशी ताकीद असते. या ताम्रपटाच्या शेवटी ‘कृपया आहेर आणू नये’ असं होतं. दोन्ही सूचना लोक सारख्याच गांभीर्याने घेतात.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो. पवनार इथे वाकाटक राजांची राजधानी होती असं बहुतेक अभ्यासक मानतात, हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणत असे आणि दरवर्षी अर्धा वर्ग खिडकीबाहेर पाहत असे. ते वाक्य ज्या एका व्यक्तीने मनावर घेतलं ती माझ्या वर्गात कधी बसलीच नाही. ती माझी भाची, धाकट्या बहिणीची एकुलती मुलगी. वडील वारले त्या वर्षी ती सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. तिला काय बोलून रमवावं ते मला कळेना, म्हणून तिला पवनारला धाम नदीच्या काठी घेऊन गेलो आणि मला येत असलेली एकच गोष्ट केली, म्हणजे इतिहास सांगितला. त्या घराण्यात एक राणी होती. नवरा अकाली गेला, मुलं लहान, तेव्हा तिनेच राज्य हातात घेतलं. दानपत्रंसुद्धा स्वतःच्या नावाने काढली.

पोरीने विचारलं, “तिला कोणी मागं बस म्हटलं नाही का?”

“म्हटलं असेल,” मी म्हणालो. “ताम्रपटात तसं लिहिलेलं नाही.”

पुढे ती सेलूकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. दरवर्षी स्नेहसंमेलनात मुलांची नाटकं बसवते, आणि ती पाहायला आजूबाजूच्या गावांतून लोक येतात. कारंज्याजवळ हायवेवर धाबा असलेल्या घरातला मुलगा तिने स्वतः पसंत केला. मुलगा शांत, हसरा. धाब्यावर वाढलेल्या माणसाला येईल त्याच्याशी जमवून घ्यायची सवय असते. लग्नाला अडचण काहीच नव्हती. अडचण होती ती माझ्या बहिणीची.

बहीण आर्वीच्या एसटी डेपोत पासच्या खिडकीवर बसते. नवरा तिथेच कारकून होता, त्याच्यामागे तिला ही जागा मिळाली. कॉलेजच्या पोरांची रांग वाकडी झाली तर ती चष्म्यावरून नुसती पाहते आणि रांग सरळ होते. डेपो मॅनेजरसुद्धा तिच्या टेबलावरचा पेन न विचारता उचलत नाही. पण हीच बाई लग्नघरी गेली की वेगळी होते. हळदीची वाटी फिरत फिरत जवळ आली की तिला कोणाला तरी पाणी द्यायचं आठवतं. ओटी भरायची वेळ झाली की ती स्वयंपाकघरात असते. तिला कोणी काही म्हणत नाही. म्हणावं लागतच नाही. आपल्याकडच्या रूढींची कार्यक्षमता अशी, की ज्याला मागे ठेवायचं तोच स्वतःची खुर्ची मागे ओढतो.

लग्न ठरलं तेव्हा भाचीने एकच अट घातली. कन्यादानाचं पाणी आईने सोडायचं.

“पानी मोठेबाबा अन् मोठीआई सोडतीन,” बहीण म्हणाली. मोठेबाबा म्हणजे तिचे मोठे दीर आणि मोठीआई म्हणजे थोरली जाऊ. “जोडप्यानंच सोडा लागते.”

“मले जोडप्यानं नाई वाढवलं, आई.”

“तुह्या संसारावर माही सावली नको पोरी. मी मागं बसीन, तिथून बी दिसते सारं.”

“मग मी कोर्टात लग्न करीन.”

“कर. तिथं बी मी मागच्याच बाकावर बसीन.”

मला वाटलं, विषय संपला. पंधरवड्याने तिचा फोन आला, की लग्न वाकाटक थीमवर करायचं ठरलं आहे, ते आर्वीच्या जुन्या थेटरात होईल आणि सूत्रधार म्हणून माइकवर मी बोलायचं आहे.

मला वाईट वाटलं. हल्ली लग्नात लोक पालखीतून येतात, क्रेनवरून येतात, धुरातून येतात. चालत आलेला नवरदेव पाहून बरीच वर्षं झाली. पण आमच्या घरची, वाचणारी, विचार करणारी मुलगीही त्यातलीच निघावी? तरी मी हो म्हणालो. भाची आहे. आणि दुसरं कोणी वाकाटकांबद्दल माइकवर काय बोलेल, या विचाराने मला झोप लागली नसती.

ते थेटर मी तरुणपणी पाहिलेलं. सिनेमा बंद होऊन जमाना झाला, पण पडद्यापुढे चांगला रुंद रंगमंच आहे, कारण एके काळी नाटक कंपन्याही तिथे उतरत. आता मालक ते सभा-समारंभांना भाड्याने देतो. लाकडी खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या, जमीन रंगमंचाकडे उतरती, वर बाल्कनी. भिंतीवर ‘थुंकू नये’ अशी पाटी, आणि पाटीच्या खाली ती का लावावी लागली याचा पुरावा.

तयारीची बैठक बहिणीच्या घरी झाली. संत्र्यांचे दिवस होते. समोरच्या खोलीत टोपलीभर संत्री, पोह्यांच्या बश्या, मोठेबाबा, मोठीआई, भाची, मी आणि नागपूरहून आलेला इव्हेंटवाला. बहीण आत चहा करत होती. इव्हेंटवाल्याकडे इतिहासाचे दोनच कप्पे होते: फेट्याचा आणि मुकुटाचा.

“सर, वाकाटक म्हणजे पेशव्यांच्या आधी की नंतर?”

“बरेच आधी.”

“म्हणजे फेटा नाही?”

“फेटा नाही.”

“मग जेंट्स लोकांच्या डोक्यावर काय?”

“बहुतेकांच्या काहीच नाही. अंगावरही कमरेच्या वर फारसं नाही. अजिंठ्याची चित्रं पाहा.”

मोठेबाबांनी हातातली पोह्यांची बशी पोटासमोर धरली. “सर, मी उघडा बसनार नाई. व्याही येऊन राह्यले.”

बंडी आणि उपरण्यावर तडजोड झाली. इतिहासाची ती पहिली माघार.

मग भाचीने भूमिका वाचल्या. राजकन्या ती स्वतः, राजपुत्र नवरदेव, अमात्य म्हणजे राज्याचे दिवाण मोठेबाबा, सूत्रधार मामा. राहिली राजमाता. तिने राजकन्येचा हात धरून रंगमंचावर यायचं आणि मधल्या सिंहासनावर बसायचं.

“राजमाता मीच होईन,” मोठीआई म्हणाली. “मुकुट हाये न?”

“आहे ना मॅडम, खड्यांचा. एकदम रॉयल.” त्याने पिशवीतून नमुना काढला. मोठीआईने तो डोक्यावर चढवला, मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं आणि मान थोडी उंच केली. तिला तो शोभत होता, हे मान्य केलं पाहिजे.

मी माझं निवेदन वाचायला घेतलं. त्या राणीला लग्नाजोगी मुलगी होती की नाही यावर विद्वानांत एकमत नाही, अशी माझी सुरुवात होती. भाचीने हे वाक्य लग्नात म्हणता येणार नाही असं सांगून आधीच खोडलं होतं. म्हणून मी पुढे वाचलं: “राजे अकाली गेले, आणि राज्याचा भार—”

“थांबा भाऊ,” मोठीआई म्हणाली. “राजे गेले म्हनजे? कुठी गेले?”

“वारले.”

“म्हनजे राणी...”

“विधवा होती. तीच तर सगळी गोष्ट आहे.”

तापलेल्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा मोठीआईने दोन्ही हातांनी मुकुट उचलला आणि टोपलीतल्या संत्र्यांवर ठेवला. “अय माय! माहा नवरा समोर बसून पोहे खाऊन राह्यला अन् मी विधवा होऊ? भर लग्नात?”

“नाटकच त हाये,” मोठेबाबा म्हणाले. “मले काय होते त्यानं?”

“तुमी गप बसा. काई झालं त सांगाले तुमी राह्यले पायजे न!”

मग फोन सुरू झाले. भाचीच्या आत्याने सांगितलं, माह्या घरी बीपीचा मानूस हाये, मले असलं काई सांगू नका. चुलत वहिनीला मुकुट हवा होता, पण फोन तिच्या सासूने घेतला आणि ठेवला. शेजारच्या मास्तरीणबाई पुरोगामी विचारांच्या म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी विचारांना पाठिंबा दिला आणि त्या दिवशी गावाला जायचं असल्याचं सांगितलं.

“राणीच काढून टाका न मंग,” मोठेबाबा म्हणाले.

“पत्रिका वाटून झाल्या मोठेबाबा,” भाची म्हणाली. “राणीचंच चित्र आहे वर.” ती इतका वेळ संत्रं सोलत बसली होती. फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढत होती, जणू बाकीच्या गोंधळाशी तिचा संबंधच नाही.

“मॅडम, नागपूरहून आर्टिस्ट आणून देतो,” इव्हेंटवाला म्हणाला.

“परकी बाई आमच्या पोरीचा हात धरून आनन?” मोठीआई म्हणाली. “लोकं काय म्हनतीन!”

तेवढ्यात बहीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मोठीआईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू हरवलेली किल्ली पदरातच सापडली.

“बाई, तूच कर न वं हे. तुले त...”

वाक्य तिने पुरं केलं नाही. तुले त आता काय होनार, असं ते वाक्य होतं. खोलीतल्या प्रत्येकाने ते मनात पुरं केलं. बहिणीनेही.

“माह्यानं नाई होनार,” बहीण म्हणाली.

“काऊन नाई होनार? नाटकच त हाये!” मोठीआई म्हणाली. हेच वाक्य थोड्या वेळापूर्वी तिने नवऱ्याच्या तोंडून चालवून घेतलं नव्हतं. “तू नाई म्हटलं त पोरीचं सारं वाया जाईन. माह्यासाठी कर.”

बहिणीने ट्रे खाली ठेवला. कप सरळ केले, जे सरळच होते. “पोरीचा हात धरून आनीन अन् उभी राहीन,” ती म्हणाली. “सिंहासनावर बसनार नाई. पान्याले हात लावनार नाई. ते तुमीच दोघं करा.”

“ते आमीच करू,” मोठीआई सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाली.

भाचीने सोललेल्या संत्र्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातावर ठेवला.

मला एसटी स्टँडवर सोडायला ती आली, तेव्हा मी विचारलं, “हे तुला आधीच माहीत होतं?”

“मामा, मी दरवर्षी नाटक बसवते. सगळ्या पोरांना राजा व्हायचं असतं. म्हणून मी आधी पाहते, की कोणती भूमिका कोणी घेणार नाही. ती एकदा नीट दिली की बाकीचं नाटक बसते.”

“म्हणजे हा सगळा थाट, मुकुट, ताम्रपट...”

“सरळ सांगून पाह्यलं न. आई ऐकली का?” माझी पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली. “स्टेजवर येईन ती आता. पानी सोडन का नाई, ते मले बी माहीत नाई.”

थाटामाटाची मला जी चीड आहे ती त्या दिवशी थोडी अडचणीत आली. थाट हा पोकळ असतो हे माझं मत कायम होतं. पण पोकळ वस्तूत काहीतरी लपवता येतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

लग्नाच्या आठवड्यात मी आर्वीला गेलो तेव्हा राणीची साडी आली होती. इव्हेंटवाल्याला पांढरी हवी होती. भाचीने ती परत पाठवून दुसरी मागवली होती: मोतिया रंगाचं रेशीम आणि चांगले रुंद हिरवे काठ. बहिणीने साडी मांडीवर उलगडली आणि बोट काठावर थांबलं. नवरा गेल्यापासून तिने हिरवं अंगाला लावलं नव्हतं.

“हिरवे काठ काऊन?”

“वाकाटकांत असेच असायचे,” भाची म्हणाली.

“विधवेले?”

“हो. मामाला विचार.”

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी आयुष्यभर पुराव्याशिवाय बोललो नाही. पोरांचे मार्क कापले, सहकाऱ्यांशी भांडलो, एका मंत्र्याच्या भाषणात उभा राहून सन दुरुस्त केला आणि त्याचे परिणामही भोगले. वाकाटक राण्यांच्या काठांचा रंग जगात कोणालाही माहीत नाही.

“हो,” मी म्हणालो. “पुरावे आहेत.”

बहिणीने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, रांग सरळ करणारं ते पाहणं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो, माझ्या वर्गातल्या पोरांसारखा.

लग्न ऐन उन्हाळ्यात. थेटरात दोन्ही बाजूंना मोठाले कूलर लावले होते, आणि त्यांच्या घरघरीत सनई कुठे वाजते ते फक्त सनईवाल्याला कळत होतं. बसण्यावरून पहिला पेच झाला. वरपक्षाला मानाची जागा म्हणून बाल्कनी दिली. बाल्कनी ही जुन्या काळी सर्वात महाग, त्यामुळे वऱ्हाडी खूश झाले. नवरदेवाच्या आजीला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि अगदी कठड्याशी बसवलं. वधुपक्षाकडचे काही जण नाराज झाले, कारण खालच्या पुढच्या रांगा म्हणजे थर्ड क्लास असं त्यांना आठवत होतं. त्यांना कोणीतरी समजावलं, की नाटकात पुढची रांग मानाची असते. सिनेमात उलट, नाटकात सुलट. आपला मान नेमका किती, हे त्या दिवशी कोणालाच नक्की सांगता आलं नाही, आणि ते फार बरं झालं.

मागच्या रांगेत कोणाच्या तरी हातातून बुंदीचा लाडू निसटला. उतरत्या जमिनीवरून तो खुर्च्यांखालून गडगडत पार रंगमंचाच्या पायथ्याशी येऊन थांबला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पाय उचलून त्याला वाट दिली.

मी पडद्याच्या कडेला माइक घेऊन उभा होतो. पडदा उघडला. थर्माकोलचे खांब, त्यांवर कमळं. कमळांवर कोणी तरी हौसेने मोर बसवले होते. मी वाकाटकांबद्दल बोललो. लोकांनी ते ऐकलं, आणि हा माझ्या आयुष्यातला नवा अनुभव होता. “हे राज्याचे अमात्य, म्हणजे दिवाणजी, आणि ही त्यांची पत्नी,” म्हणून मी मोठेबाबा-मोठीआईंची ओळख करून दिली. त्यांना टाळ्या पडल्या. मग म्हणालो, “नवरा गेल्यावर जिने राज्य सांभाळलं, ती राजमाता आपल्या लेकीला घेऊन येत आहे.”

बहीण आली. एका हातात लेकीचा हात, डोक्यावर तो खड्यांचा मुकुट, थोडा तिरपा. हिरवे काठ दिव्यांत चांगले उठून दिसत होते. खालून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “अबे, पासवाल्या मॅडम!” आणि थेटरभर हशा आणि टाळ्या झाल्या. ती हसली नाही. लेकीला मधोमध उभं करून ती मागे सरकली, आणि पुन्हा थोडी मागे सरकली, पडद्याच्या पार कडेला, जिथे उजेड संपतो तिथे. सिंहासन रिकामंच राहिलं.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, ती कूलरमुळे कोणाला ऐकू आली नाहीत. बाल्कनीतून टाकलेल्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचल्याच नाहीत. मधल्या रांगांतल्या वधुपक्षाच्या डोक्यांवर मात्र भरपूर आशीर्वाद पडले. एरवी अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे धावतात, आणि कन्यादान होतं ते गुरुजी, फोटोग्राफर आणि दोन कंटाळलेल्या आत्या यांच्यासमोर. इथे नाटक संपलं नव्हतं, म्हणून सगळे बसून राहिले. गुरुजींनी खूण केली, “मंत्र ऐकू येऊन नाई राह्यले,” म्हणून कोणीतरी कूलर बंद केले. एकदम इतकी शांतता झाली की पंखे ऐकू येऊ लागले.

“पाणी सोडणारे पुढे या,” गुरुजी म्हणाले.

मोठेबाबा आणि मोठीआई पाटावर बसले. नवरदेवाच्या ओंजळीत भाचीची ओंजळ ठेवली. मोठीआईने तांब्याची झारी उचलली. भाची आईकडे पाहत नव्हती, आपल्या रिकाम्या ओंजळीकडे पाहत होती. मला कळलं, की तिचं नाटक जिथपर्यंत तिने लिहिलं होतं तिथपर्यंत झालं होतं. पुढचं तिच्या हातात नव्हतं.

तेवढ्यात बाल्कनीतून खणखणीत आवाज आला.

“काऊन हो, राणी उभी हाये न थ्या कोपऱ्यात? मंग दिवानजी काऊन पानी सोडून राह्यले?”

नवरदेवाची आजी. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ती वाकली होती. तिला कोणीतरी खाली बसवू पाहत होतं आणि ती बसत नव्हती. “राणीची पोरगी हाये का दिवानाची? आं?”

थेटर हसलं. मग खालून कोणीतरी ओरडलं, “बराबर हाये आजी! राणीले सोडू द्या!” आणि पोरांनी टाळ्या सुरू केल्या; डेपोच्या रांगेत उभी राहणारी पोरं असावीत. मोठेबाबा उपरण्याने घाम पुसू लागले.

“कोणीतरी सोडा हो,” गुरुजी म्हणाले. “मले पुढं कारंज्याले दुसरं लग्न लावाचं हाये.”

माझ्या हातात माइक होता आणि पुढचं वाक्य लिहिलेलं होतं: अमात्य पाणी सोडतात. मी ते वाचलं नाही. सगळे मोठीआईकडे पाहत होते. तिने झारीकडे पाहिलं, बाल्कनीकडे पाहिलं, आणि मग मान वळवून कडेला उभ्या असलेल्या जावेकडे. तिच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही. राणीपुढे आगाऊपणा करणारी दिवाणीण म्हणून दिसणं तिला नको होतं, एवढंही असेल. किंवा इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर जे कधी बोलायला जमलं नाही ते असेल.

“ये वं बाई,” ती म्हणाली. “लोकं पाहून राह्यले.”

लोक पाहत आहेत, या तीन शब्दांनी माझ्या बहिणीला इतकी वर्षं मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. आज तेच शब्द तिला पुढे बोलावत होते. ती जागची हलली नाही. मग तिने लेकीच्या हातांकडे पाहिलं. त्या रिकाम्या ओंजळीकडे तिने कसं पाहिलं ते मला माइकजवळून दिसलं. आणि ती चालत आली, रांगेत कोणाला ताटकळत ठेवायचं नाही अशा तिच्या नेहमीच्या चालीने.

मोठीआई पाटावरून उठली. जागा दिली. पण झारी तिने पुरती सोडली नाही. बहिणीने मूठ धरली तरी मोठीआईचा एक हात झारीखाली टेकलेला राहिला.

पाणी पडू लागलं. गुरुजी मंत्र म्हणत होते. भाचीची ओंजळ भरली, नवरदेवाची भरली, पाणी मनगटांवरून ताटात, ताटातून लाकडी फळ्यांवर वाहू लागलं.

“पुरे,” गुरुजी म्हणाले. “बाई, पुरे म्हटलं न.”

झारी रिकामी होईपर्यंत ती थांबली नाही.

जेवणं थेटरामागच्या पटांगणात होती. मी मुद्दाम नवरदेवाच्या आजीजवळ जाऊन बसलो. म्हटलं, “आजी, तुम्ही मोठं काम केलं.” तिने वरणात पोळी कुस्करत माझ्याकडे पाहिलं. “म्या काय केलं बाप्पा? राजाराणी समोर असतांनी दिवान पुढं पुढं करत नाई. एवढं बी माहीत नसन त नाटक कायले करा?” मग इकडे तिकडे पाहून म्हणाली, “लाडू आहेत का अजून?”

पंगतीत माझी बहीण मधोमध बसली होती, मुकुटासकट, कारण तो काढायचं कोणालाच आठवलं नव्हतं. मोठीआई तिला वाढत होती आणि ओरडत होती, “अवं, काठ सांभाळ, भाजी सांडन!”

पावसाळा लागल्यावर मी सवलतीच्या पासच्या कामाने आर्वी डेपोत गेलो. खिडकीसमोर पोरांची रांग होती. एक जण म्हणाला, “राणीसाहेब, माहा पास झाला का?” आतून उत्तर आलं, “राज्यात फोटो लागतो, तो आन आधी.” माझा नंबर आला तेव्हा तिने माझे कागद तपासले, जणू ओळख नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, “दादा, मोठ्या जाऊबाईच्या पोराचं लग्न जमलं. मले म्हने आदल्या दिवशीच येजो, हळद लावाले.”

“मग?”

“जाईन म्हन्तो.” तिने शिक्का मारला, कागद सरकवला आणि हात त्यावरच ठेवला. “तेच साडी नेसीन म्हन्तो. पन खरं सांगजो. थ्या हिरव्या काठाले खरंच पुरावे आहेत का?”

माझ्यामागे रांग वाट पाहत होती.

“विद्वानांत एकमत नाही,” मी म्हणालो.

ती चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने कागदावरचा हात उचलला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, “हं, पुढचा या.”